साक्षीदार की आरोपी? कर्करोग आणि प्रथिन न बनवणारे लांब आरएनए

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जरा बोजड आहे: ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए’. मराठीत सांगायचं तर प्रथिन न बनवणारे लांब आरएनए. दर वेळी एवढं लांबलचक म्हणण्यापेक्षा मी नुसतं ‘लांब आरएनए’ म्हणेन.

हा विषय का घेतला? अधूनमधून बातमी येते, ‘कर्करोग पसरवणारा रेणू सापडला’. ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांच्यासाठी ती नुसती बातमी नसते. ती मोबाइलवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर धरली जाते. अशा बातमीमागे बरेचदा एखादा लांब आरएनए असतो. त्या संशोधनात नेमकं काय सापडलेलं असतं आणि काय सापडायचं राहिलेलं असतं, हे आपल्याला ओळखता यावं, एवढाच आजचा हेतू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. गुन्ह्याच्या जागी एखादा माणूस दिसला, तर तो आरोपी असेल, नाहीतर नुसता साक्षीदार असेल. कर्करोगाच्या गाठीत एखादा आरएनए भरपूर सापडला, की त्याच्याबद्दल हाच प्रश्न विचारायचा असतो. आणि गंमत अशी, की साक्षीदारही आपल्या फार उपयोगाचा असतो, फक्त वेगळ्या कामासाठी.

दफ्तर आणि नक्कल

आधी थोडी उजळणी. तहसील कचेरीत जुनी कागदपत्रं असतात. मूळ कागद कुणी तुमच्या हातात देत नाही. तुम्ही अर्ज करता, मग हव्या त्या पानाची नक्कल मिळते आणि ती घेऊन तुम्ही पुढचं काम करता. पेशीचंही असंच आहे. डीएनए हे मूळ दफ्तर, ते केंद्रकात सुरक्षित राहतं. त्यातल्या एखाद्या जनुकाची नक्कल निघते, ती म्हणजे आरएनए. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरचा मजकूर वाचून प्रथिन बनतं. शाळेत आपण एवढंच शिकलो.

मानवी जीनोमचा पहिला आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मोजणी पक्की होत गेली, तेव्हा कळलं की प्रथिनं बनवणारी आपली जनुकं जेमतेम २० हजारांच्या आसपास आहेत. आपल्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यातला प्रत्यक्ष प्रथिनाचा मजकूर २ टक्क्यांहूनही कमी. मग बाकीचं काय? बऱ्याच जणांनी त्याला अडगळ म्हणून टाकलं होतं. पण नंतर दिसलं की या अडगळीतल्याही कितीतरी पानांच्या नकला निघतात. त्यांच्यावर प्रथिनाचा मजकूर नसतो. तरी पेशी त्या काढते.

यातल्या २०० अक्षरांहून लांब नकलांना ‘लांब आरएनए’ म्हणायचं असं ठरलं. हा आकडा निसर्गानं दिलेला नाही बरं का. प्रयोगशाळेत आरएनए वेगळे करण्याची जी पद्धत होती, तिच्यात छोटे आणि मोठे आरएनए साधारण त्या ठिकाणी वेगळे व्हायचे, म्हणून तो रूढ झाला. आता ही मर्यादा ५०० करावी असंही काही शास्त्रज्ञ सुचवतात. म्हणजे ‘लांब आरएनए’ हे एका कुटुंबाचं आडनाव नाही. एका डब्यात चढलेल्या अनोळखी प्रवाशांसारखं समजा. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि काहींना तर काहीच काम नाही.

काम करणाऱ्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ‘झिस्ट’. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या पेशीत एक. दोन्हींमधलं काम समान राहावं म्हणून स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुणसूत्र जवळजवळ बंद केलं जातं. ते बंद कोण करतं? झिस्ट नावाचा, सुमारे १७ हजार अक्षरांचा आरएनए. त्याचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. हा आरएनए ज्या गुणसूत्रावरून निघतो त्यालाच लपेटून बसतो आणि प्रथिनांना बोलावून तिथली जनुकं गप्प करतो. काळ्या आणि भगव्या रंगाची ठिपक्याठिपक्यांची मांजर तुम्ही पाहिली असेल. ती जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामागे हेच आहे. तिच्या अंगावर कुठे एक गुणसूत्र बंद, कुठे दुसरं.

म्हणजे नक्कल बाहेर न जाता, दफ्तरातच राहून, कुठलं कपाट उघडायचं आणि कुठलं बंद ठेवायचं हे ठरवू शकते. आता कर्करोग म्हणजे तरी काय? जी कपाटं बंद असायला हवीत ती उघडणं, आणि जी उघडी हवीत ती बंद होणं. त्यामुळे या रेणूंकडे संशयानं पाहिलं जाणं साहजिक होतं.

चांगला साक्षीदार : पीसीए-३

पहिलं उदाहरण प्रोस्टेटचं. १९९९ मध्ये एक शोधनिबंध आला. प्रोस्टेटच्या कर्करोगात एक आरएनए प्रचंड वाढलेला दिसत होता. तपासलेल्या ५६ नमुन्यांपैकी ५३ मध्ये. त्याला आज पीसीए-३ म्हणतात.

प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पीएसए हे प्रथिन आहे, आणि त्याची अडचण अशी, की वयानुसार प्रोस्टेट नुसती वाढली किंवा तिला सूज आली, तरी त्याचा आकडा वर जातो. मग बायोप्सी होते, त्यात काही निघत नाही, आकडा मात्र वरच राहतो. पुन्हा सुई टोचायची का? वयस्कर माणसाला हा प्रश्न किती छळतो हे घरच्यांना माहीत असतं.

इथे पीसीए-३ कामाला आला. डॉक्टर तपासणी करताना प्रोस्टेटवर हलका दाब देतात, त्यानंतरच्या लघवीत तिच्या पेशी उतरतात. त्या लघवीत पीसीए-३ चा आरएनए आणि पीएसएचा आरएनए यांचं प्रमाण काढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये या तपासणीला मान्यता दिली. पण कुणासाठी? पन्नाशी ओलांडलेल्या, आधीच्या बायोप्सीत कर्करोग न सापडलेल्या पुरुषांसाठी, दुसरी बायोप्सी करावी का हे ठरवायला मदत म्हणून. सरसकट सगळ्यांसाठी नाही.

आता लक्षात घ्या. या तपासणीसाठी पीसीए-३ पेशीत नेमकं काय करतो हे माहीत असण्याची गरजच नव्हती. तो कर्करोग घडवतो की नुसता सोबत असतो, कसंही असलं तरी तपासणी चालते. निदानाला साक्षीदार पुरतो. उपचाराला मात्र आरोपीच लागतो, कारण साक्षीदाराला पकडून गुन्हा थांबत नाही.

मॅलॅट-१ : एकाच पुराव्याचे दोन निकाल

दुसरी गोष्ट २००३ सालची, जर्मनीतली. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे काही रुग्ण, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले. काहींचा आजार पुढे पसरला, काहींचा नाही. दोन्ही गटांच्या गाठींची तुलना केली, तेव्हा पसरलेल्यांमध्ये एक आरएनए जास्त दिसला. सुमारे ८ हजार अक्षरांचा. त्याचं नाव पडलं मॅलॅट-१, आणि त्या नावातच ‘पसरण्याशी संबंधित’ हे शब्द आहेत. एखाद्याच्या नावापुढेच गुन्हा लिहून टाकावा तसं झालं.

हा आरएनए आपल्या बहुतेक पेशींत भरपूर असतो आणि सस्तन प्राण्यांमध्ये फारसा बदललेला नाही. अर्थ असा, की तो महत्त्वाचा असणार. म्हणून २०१२ च्या सुमारास तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मॅलॅट-१ नसलेले उंदीर तयार केले. काय झालं असेल? काहीच नाही. उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली.

निरोगी प्राण्याला त्याची गरज नाही, पण कर्करोगाला असेल, असं म्हणता येतं. २०१३ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून तो काढून टाकला, तेव्हा उंदरांमध्ये त्या पेशींचं पसरणं कमी झालं. २०१६ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत डेव्हिड स्पेक्टर यांच्या गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांमध्ये मॅलॅट-१ घटवला. गाठी मंदावल्या, फुफ्फुसात पसरणं कमी झालं. सगळं जुळत होतं.

आणि २०१८ मध्ये टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातून ली मा यांच्या गटाचा निबंध आला. स्तनाच्या कर्करोगाचे त्याच जातीचे उंदीर. त्यांच्यात मॅलॅट-१ बंद केला, तर फुफ्फुसात पसरणं वाढलं! परत मॅलॅट-१ दिला, तर ते कमी झालं. त्यांचं म्हणणं असं, की मॅलॅट-१ हा पसरायला मदत करणाऱ्या एका प्रथिनाला धरून ठेवतो. म्हणजे ज्याला आरोपी म्हणत होतो तो इथे पहारेकरी निघाला.

हे कसं शक्य आहे? एक महत्त्वाचा फरक पद्धतीत आहे. नक्कल बंद करायच्या अनेक तऱ्हा असतात. दफ्तरातलं पानच फाडा, नक्कल निघू लागताच थांबवा, किंवा निघालेली नक्कल फाडून टाका. पान फाडलं, तर त्याच्याबरोबर शेजारचंही काही फाटू शकतं. ली मा यांच्या गटानं पान न फाडता सुरुवातीलाच थांबण्याची खूण असलेले उंदीर वापरले आणि शेजारची जनुकं बिघडलेली नाहीत हे तपासलं. शिवाय काढलेली वस्तू परत देऊन पाहिली. हा ‘परत देऊन पाहण्याचा’ प्रयोग फार मोलाचा आहे. तुम्ही कुठलीही बातमी वाचाल तेव्हा विचारा, परत देऊन पाहिलं का?

पण म्हणून २०१६ चा निकाल खोटा ठरला का? नाही. त्यांनी नक्कल फाडण्याचा मार्गही वापरला होता. औषध म्हणून मॅलॅट-१ वर हल्ला करावा की नाही, याचं एका शब्दात उत्तर आज देता येत नाही. रुग्णाला औषध टोचण्याआधी हा वाद मिटलाच पाहिजे, कारण एका निकालानुसार आजार आवरेल आणि दुसऱ्यानुसार पसरेल.

हॉटेअर : निकाल तोच, कारण वेगळं

हॉटेअर हा आरएनए २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या प्रयोगशाळेत सापडला. इंग्रजीत ‘हॉट एअर’ म्हणजे पोकळ बाता, नावात थोडी थट्टाही आहे. २०१० मध्ये दिसलं की स्तनाच्या ज्या गाठींत हॉटेअर खूप जास्त, त्या पुढे पसरण्याची शक्यता अधिक. स्पष्टीकरणही सुटसुटीत होतं. जनुकं गप्प करणारा एक प्रथिनांचा गट आहे, हॉटेअर त्याला हाताला धरून नको त्या जागी नेतो.

२०१७ मध्ये पॅरिसमधून आलेल्या कामानं दाखवलं, की तो प्रथिनांचा गट काढून टाकला तरी हॉटेअर जनुक गप्प करू शकतो. म्हणजे गाठीतलं निरीक्षण टिकलं, पण त्याचं कारण पुन्हा शोधावं लागलं. विज्ञानात हे चालतंच. फक्त औषध बनवणाऱ्याला कारणच हवं असतं.

पीव्हीटी-१ : दोन खिडक्या, एक कारकून

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. आठव्या गुणसूत्रावर ‘मिक’ नावाचं जनुक आहे. पेशीला ‘वाढ, वाढ’ सांगणारं. अनेक कर्करोगांत त्याच्या प्रती वाढलेल्या असतात. त्याच्या शेजारीच पीव्हीटी-१ या लांब आरएनएचं जनुक आहे. २०१४ मध्ये मिनेसोटातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ज्या गाठींत मिकच्या प्रती वाढतात त्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक गाठींत पीव्हीटी-१ च्याही वाढतात. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतून पीव्हीटी-१ काढला, तर त्यांची गाठ करण्याची ताकद घटली. ठरलं तर मग, पीव्हीटी-१ आरोपी.

थांबा. २०१८ मध्ये चँग यांच्याच प्रयोगशाळेनं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत वेगळी गोष्ट केली. आरएनएला हात न लावता, पीव्हीटी-१ ची नक्कल जिथून सुरू होते ती जागा, तिला प्रमोटर म्हणतात, तीच बंद केली. पेशी मंदावतील असं वाटेल, पण त्या जोमानं वाढल्या.

पुन्हा कचेरीत चला. नकला देणाऱ्या दोन खिडक्या आहेत, एक मिकची, एक पीव्हीटी-१ ची. दोन्हींना मिळून कारकून एकच. तो अर्धा वेळ इथे, अर्धा तिथे. पीव्हीटी-१ ची खिडकी बंद केली, की तो दिवसभर मिकच्या खिडकीवर बसतो आणि मिकच्या नकला भराभर निघतात. इथे कारकून म्हणजे जनुकांना जोर देणारे डीएनएचेच काही तुकडे, त्यांना एन्हान्सर म्हणतात. म्हणजे पीव्हीटी-१ ची नक्कल कर्करोगाला मदत करू शकते, आणि तिची खिडकी मात्र कर्करोगाला आवरते. एकाच पत्त्यावर दोन विरुद्ध स्वभाव. त्या नकलेवर काय लिहिलंय यापेक्षा ती काढली जाते आहे, हेच काही वेळा महत्त्वाचं असतं.

मग खरे आरोपी किती?

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियात एक मोठी मोजदाद झाली. सात प्रकारच्या मानवी पेशी घेतल्या, लांब आरएनएच्या १६,४०१ जागा एकेक करून बंद केल्या आणि पेशींची वाढ बिघडते का ते पाहिलं. ४९९ ठिकाणी फरक पडला. म्हणजे साधारण ३ टक्के. त्यातल्या ८९ टक्के जागांचा परिणाम फक्त एकाच प्रकारच्या पेशींत दिसला. स्तनाच्या पेशीत जो महत्त्वाचा, तो रक्ताच्या पेशीत निरुपयोगी.

यात एक वाईट बातमी आहे आणि एक चांगली. वाईट अशी, की सगळ्या कर्करोगांना लागू पडणारा एकच आरएनए शोधणं बहुधा व्यर्थ आहे. चांगली अशी, की एखादा आरएनए फक्त त्या गाठीलाच लागत असेल, तर त्याच्यावरचं औषध बाकी शरीराला कमी त्रास देईल. केमोथेरपीत केस का जातात? कारण ती वेगानं वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही मारते.

सॅमसन नावाचा आरएनए या बाबतीत आशा दाखवतो. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेन इथल्या गटानं तो मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात अभ्यासला. नव्वद टक्क्यांहून अधिक मेलॅनोमांत तो असतो. त्याची नक्कल नष्ट केली की मेलॅनोमाच्या पेशी मरतात, आणि रुग्णांच्या गाठी उंदरांत वाढवून केलेल्या प्रयोगातही वाढ आवरली. हा पुरावा नुसत्या ‘सापडला’पेक्षा बराच पुढचा आहे.

नक्कल नष्ट करायची कशी? तिला चिकटेल असा उलट अक्षरांचा छोटा तुकडा बनवायचा. तो चिकटला की पेशीतलंच एक एन्झाइम ती नक्कल कापून टाकतं. हे तंत्र हवेतलं नाही. टोफरसेन हे अशा प्रकारचं औषध एका आनुवंशिक मज्जातंतूविकारासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. पण ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचतात. शिरेतून दिलेले असे तुकडे बरेचसे यकृतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात. फुफ्फुसातल्या किंवा आतड्यातल्या घट्ट गाठीत पुरेसं औषध पोहोचवणं हा मोठा अडसर आहे. कर्करोगात लांब आरएनएवर थेट हल्ला करणारं मंजूर औषध आज नाही.

थोडक्यात, बातमी वाचताना चार प्रश्न विचारा. आरएनए नुसता जास्त सापडला, की काढून पाहिला? काढला तर कुठल्या पद्धतीनं? परत देऊन पाहिला का? आणि हे सगळं ताटलीतल्या पेशींत, उंदरात की माणसात? या चार पायऱ्या आहेत. बहुतेक बातम्या पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच्या असतात.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : घरात कर्करोगाचा इतिहास आहे. लांब आरएनएची तपासणी करून घ्यावी का?

सरसकट करून घ्यावी अशी तपासणी नाही. पीसीए-३ चा उपयोग किती मर्यादित आहे ते आपण पाहिलं. ‘रक्ताच्या एका थेंबातून सगळे कर्करोग’ असं कुणी सांगितलं, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि आपल्याकडे एक गोष्ट यंत्राशिवाय होते. तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी आरशात तोंड बघावं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. आणि तंबाखू सोडा. कुठल्याही रेणूपेक्षा हे आज जास्त जीव वाचवतं.

प्रश्न : हे बिघाड आईवडिलांकडून येतात का?

बहुतेक बिघाड आयुष्यात त्या-त्या पेशीत साठत जातात, ते वारशानं आलेले नसतात. पण मिक आणि पीव्हीटी-१ च्या परिसरात डीएनएचे काही वारशानं येणारे फरक आहेत, ज्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते. एकेकाचा वाटा लहान असतो. एक फरक सापडला म्हणजे आजार होणारच, असं नाही.

प्रश्न : मग ९८ टक्के डीएनए अडगळ नाही, असं म्हणायचं का?

घाई नको. काही भाग नक्कीच कामाचा आहे, पण नक्कल निघते म्हणून काम असतंच असं नाही. पेशीकडून चुकूनही नकला निघतात. त्या मोजदादीतले ३ टक्के आठवा. ती फक्त सात प्रकारच्या पेशींतली आणि फक्त वाढीपुरती होती, त्यामुळे खरा आकडा जास्त असू शकतो. पण प्रत्येक रेणूचं काम त्या-त्या रेणूवर सिद्ध करावं लागेल.

प्रश्न : माझ्या बहिणीवर उपचार चालू आहेत. यातलं काही तिच्या उपयोगाचं आहे?

ताई, खरं सांगतो. तिच्या उपचारांत या संशोधनामुळे आज बदल करावा असं काही नाही. जे उपचार चालू आहेत ते पूर्ण करणं हेच तिच्या हिताचं आहे. एखादी चाचणी, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, तिच्यासाठी योग्य आहे का, हे तिच्या डॉक्टरांना जरूर विचारा. आणि अशी बातमी पुन्हा दिसली, तर ते चार प्रश्न हातात ठेवा. त्यांनी खोटी आशा लागणार नाही, आणि एखादी खरी आशा आली तर तीही ओळखू येईल.